चौथं पान

१

सकाळी आठ वाजता तक्रारीचा कागद अधीक्षकांच्या टेबलावर आला आणि साडेआठच्या आत मदतनीस बाईंना घरी बसवण्यात आलं.  ओळखपत्र गळ्यातून काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. घरी जा म्हटलं तरी त्या जागच्या हलेनात.

तक्रार साधी होती आणि भयंकर होती. बारा दिवसांच्या बाळाची उजव्या बाजूची गळपट्टी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडली होती. उजवा हात लुळा पडला होता. डोक्यावर मागच्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ होतं. बाळंतपणानंतर घरोघरी जाऊन बाळाची अंघोळ-पुसणी करायला इस्पितळाने जी मदतनीस पाठवली होती, तिने बाळ पाडलं आणि वर कानावर हात ठेवले, असं बाळाच्या आजीने स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. अंघोळ घालायला बाई गेल्या नवव्या दिवसापासून, आणि हात लुळा दिसला बाराव्या दिवशी, म्हणजे काल. खापर फोडायला डोकं आयतंच मिळालं होतं.

अधीक्षकांनी नवजात कक्षाच्या जुन्या प्रमुख परिचारिकेला फोन लावला. एकतीस वर्षं नोकरी करून ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. जेवणाचा डबासुद्धा ती येरझाऱ्या घालत खायची. तोंडावर मात्र सगळे सिस्टर म्हणत.

"संध्याकाळी सहाला समितीची बैठक आहे," अधीक्षक म्हणाले. "तोपर्यंत खरं काय ते कळलं नाही, तर बाई कायमच्या गेल्या. आणि बाळाचे लोक पोलिसांत जाणार."

"बाळाचा क्ष-किरण फोटो काढला?"

"काल दुपारी काढला. पण घरचे तो वाचेपर्यंत थांबले नाहीत. आरडाओरडा करून बाळाला घेऊन गेले."

"आणि बाळंतपणाची फाइल?"

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला.

"फाइल आहे सिस्टर. पण तिच्यातलं चौथं पान नाही."

२

भिंगरीने क्ष-किरणाचा फोटो खिडकीच्या काचेला लावून धरला. दिव्याच्या पेटीपुढे बसायला लागतं, म्हणून तिला ती आवडत नसे.

गळपट्टी मधोमध मोडलेली दिसत होती. पण मोडलेल्या टोकांभोवती धूसर पांढरं काहीतरी जमलं होतं, दुधावर साय धरावी तसं. भिंगरी दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा पुढे आली.

"सर, हे पाहिलंत?"

अधीक्षक स्वतः लहान मुलांचे डॉक्टर. त्यांनी चष्मा वर केला. "नवीन हाड धरलंय."

"किती दिवसांनी धरतं?"

"इतक्या लहान बाळात? सात दिवस, दहा दिवस. आज मोडलं आणि उद्या दिसलं, असं नाही होत."

"म्हणजे काल बाराव्या दिवशी एवढं दिसायला हाड पाचव्या दिवसाच्या आत मोडलेलं पाहिजे. आणि बाई त्या घराची पायरी चढल्या नवव्या दिवशी." भिंगरी दाराकडे वळली सुद्धा होती. "बाहेर जाऊन सांगा त्यांना. पाणी तरी पितील."

"थांबा, थांबा. हाड जुनं, मान्य. पण टेंगूळ? आणि हात?"

"ते बघायला बाळच बघायला हवं. तुम्ही नाही पाहिलंत जन्मल्यावर?"

अधीक्षकांनी नजर फिरवली. "मी त्या आठवड्यात नव्हतो. बदलीच्या डॉक्टरीणबाई होत्या. बाळंतपणही त्यांनीच केलं, बाळही त्यांनीच तपासलं. पाचव्या दिवशी त्यांची मुदत संपली आणि त्या गेल्या. कालपासून फोन लावतोय, बंद आहे."

हाड पाचव्या दिवसाच्या आत मोडलेलं. डॉक्टरीण पाचव्या दिवशी गायब. फाइलचं पान गायब. भिंगरीच्या मनात पाल चुकचुकली. इतकी सरळ गोष्ट तिला नेहमीच अस्वस्थ करायची.

३

बाळंतपणाच्या वेळी खोलीत असलेली परिचारिका कोवळ्या वयाची होती. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. औषधांच्या खोलीत उभी राहून ती एकच कपाट तिसऱ्यांदा पुसत होती.

"मला काही आठवत नाही सिस्टर."

"बारा दिवसांत बारा बाळंतपणं झाली असतील. ठीक आहे." भिंगरी खोलीत एक फेरी मारून आली. "पण फाइल काल सरांकडे तूच नेलीस ना? तेव्हा चौथं पान होतं?"

"मी उघडून बघितली नाही! खरंच सांगते!" आणि तिचा बांध फुटला. "मी पान नाही घेतलं. पण ते... ते माझ्यामुळेच झालं असेल."

भिंगरीने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "काय झालं तुझ्यामुळे?"

मग तुटक तुटक बाहेर आलं. बाळ मोठं होतं. कळा देऊन देऊन आईचा जीव मेटाकुटीला आला होता. डॉक्टरीणबाईंनी डोक्याला चोषणयंत्राची वाटी लावून डोकं बाहेर घेतलं. आणि डोकं आलं, पण खांदा येईना. आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकून बसला. बाळाचा चेहरा जांभळा पडू लागला.

"डॉक्टरीणबाई ओरडल्या, पाय वर दुमडा, पोटाच्या खाली दाब, जोरात! मी दाबलं. त्यांनी आत हात घालून खांदा फिरवला. आणि मला आवाज आला सिस्टर. कट् असा. मग बाळ एकदम बाहेर आलं. दोन मिनिटंसुद्धा नसतील झाली, पण मला वाटलं तास गेला. नंतर आईला रक्तस्राव सुरू झाला, मी तिकडेच होते. बाळाला डॉक्टरीणबाईंनीच पाहिलं. मी त्या दिवसापासून... मी दाबल्यामुळेच मोडलं ना ते?"

भिंगरी आयुष्यात क्वचितच थांबायची. आत्ता थांबली.

"तू दाबलं नसतंस तर आज लुळ्या हाताची तक्रार करायला बाळच नसतं. अडकलेला खांदा सुटताना गळपट्टी मोडते कधी कधी. ती जुळते, लहान बाळात तर बघता बघता जुळते. मेंदूला हवा मिळाली नाही की मात्र काही जुळत नाही. तुम्ही दोघींनी त्याला जिवंत बाहेर काढलंय, कळलं?"

पोरीने नाक पुसलं. "मग डॉक्टरीणबाईंनी पान का काढलं?"

"त्यांनी काढलं, कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. पण त्यांनी तर त्याच दिवशी बसून पान दीड पान लिहिलं होतं. मी चहा नेऊन दिला, तो गार झाला. बाळाच्या हाताची चित्रंसुद्धा काढत होत्या."

भिंगरी तडक जिना उतरू लागली. स्वतःच्या बचावाचा कागद कुणी स्वतःच्याच हाताने फाडतं का?

४

नोंदणी कक्षातला कारकून तळघरात बसायचा. त्याच्या कपाटांतले कागद आणि त्याच्या डोक्यावरचे केस, दोन्ही मोजके आणि जागच्या जागी.

"माझ्या कपाटातून पान हरवत नाही," तो आधीच म्हणाला.

"म्हणूनच तुम्हाला विचारायला आले. फाइलला हात कुणाकुणाचे लागले?"

त्याने वही काढली. "तिघांचे. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सह्या पूर्ण करायला नेली आणि तासाभरात आणून दिली. काल दुपारी बाळाचे वडील आले, तक्रारीला जोडायला नक्कल हवी म्हणून. इथेच, या टेबलाशी बसले होते. मी नकलेच्या यंत्राला कागद आणायला वर गेलो, आलो, सगळ्याची नक्कल काढून दिली. आणि काल संध्याकाळी ती नवी परिचारिका, सरांकडे न्यायला."

भिंगरीने फाइल उलटली. एक, दोन, तीन, पाच, सहा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल शाईचा सुबक आकडा.

"हे आकडे छान काढलेत."

"माझेच. सगळे कागद माझ्याकडे जमा होऊन फाइल बंद झाली की मगच मी आकडे घालतो. उघड्या फाइलला मी लाल शाई लावत नाही."

भिंगरीने मान हलवली आणि ती तिथून निघाली. काहीतरी बोचत होतं, पण काय ते उमगेना. बाराचे ठोके पडले होते. बाकावर मदतनीस बाई अजून बसून होत्या.

"बाई, काल सकाळी नेमकं काय झालं?"

"काय सांगू सिस्टर." बाईंचा आवाज बसला होता. "तीन दिवस बाळाचे वडीलच कपडे काढून, हात दुपट्यात गुंडाळून बाळ माझ्या हातात द्यायचे. आम्ही फक्त ओल्या फडक्याने पुसायचो, पूर्ण अंघोळ नको म्हणायचे. काल त्यांना कामावरून लवकर बोलावणं आलं. मीच अंगडं काढलं. डावा हात वर आला, उजवा आलाच नाही. आतल्या बाजूला वळलेला, मनगट दुमडलेलं, नुसता लोंबत होता. मी किंचाळले. मीच हाक मारली आजींना. पाडलं असतं तर हाक मारली असती का हो मी?"

५

बाळाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक चिंचोळी गच्ची, तिथे वाळत घातलेली दुपटी. आजींनी दार उघडलं ते लढायच्या तयारीनेच.

"इस्पितळाने पाठवलेलं माणूस इस्पितळाचीच बाजू घेणार."

"मी बाळाची बाजू घ्यायला आलेय. दाखवता?"

आतल्या खोलीत बाळाची आई भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले. भिंगरीने हात धुतले, चोळून गरम केले आणि बाळाला मांडीवर घेतलं. त्यासाठी तिला बसावंच लागलं.

टेंगूळ तिने बोटांच्या टोकांनी चाचपलं. मऊ होतं. एका बाजूच्या हाडावर होतं आणि हाडाच्या शिवणीपाशी येऊन, कुंपणाशी अडल्यासारखं, थांबत होतं. वर खरचटल्याची खूण नाही.

"हे कधी दिसलं आजी?"

"दुसऱ्या दिवशी, इस्पितळातच. मला वाटलं तेव्हा लहान होतं. त्या बाईने पाडल्यावर वाढलं असणार."

"हाडावरच्या पातळ आवरणाखाली रक्त साचतं, वाटी लावून बाळ घेतलं की होतं असं. पहिल्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतं. महिना दोन महिन्यांत आपोआप जिरतं. दाबायचं नाही, टोचायचं नाही. कावीळ वाढत नाही ना, एवढंच बघायचं."

मग तिने बाळाच्या उजव्या तळव्यात आपलं बोट ठेवलं. इवल्याशा बोटांनी ते धरलं, घट्ट धरलं.  पंजा जिवंत होता. खांदा आणि कोपर मात्र ऐकत नव्हते. मानेतून हाताकडे जाणाऱ्या वरच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या. मोडलेल्या हाडाचं दुखणंही त्यात मिसळलेलं असणार.

"हाड, शिरा, टेंगूळ," ती म्हणाली. "आजी, बाळ पडलं तर यातलं एखादं होईल. तिन्ही एकदम, एवढ्याशा बाळाला, अशा प्रकारे होतात ते जन्मतानाच. बाईंनी पाडलेलं नाही."

आजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग बारा दिवस आम्हाला दिसलं नाही? आम्ही काय आंधळे आहोत? हे बघा!" त्यांनी मोबाइल पुढे केला. "हा चौथ्या दिवशीचा फोटो, घरी आणलं तेव्हाचा. हा सहाव्या. हा नवव्या. कुठे दिसतंय?"

भिंगरीने फोटो पाहिले. लांब बाह्यांचं अंगडं, गुबगुबीत चेहरा, आणि उजवी बाही छातीवर आडवी घेऊन अंगड्याला लावलेली पिन. तिन्ही फोटोंत.

"ही पिन?"

"ओरबाडतं ना तोंडावर. माझा लेक लावतो. फार जपतो बाळाला."

"हो, फारच," आईने पहिल्यांदाच तोंड उघडलं. आवाज थकलेला होता. "मला कपडेसुद्धा बदलू देत नाहीत. घालताना उजवी बाही आधी, काढताना उजवी शेवटी. मी एकदा उलटं केलं तर केवढे चिडले. लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतात ना, घरीही सगळं नियमाने."

भिंगरी उठली. तिने आईकडे पाहिलं. त्या पोरीच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, आणि ती भिंगरीची भीती नव्हती.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर आल्यावर भिंगरीचे पाय आपोआप थबकले.

ओरबाडायला बाळाला दोन हात असतात. पिन एकाच बाहीला का?

६

आजींनी सांगितलेल्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लिफ्टची यंत्रखोली होती. बाळाचे वडील तिथे दोराच्या चाकाला वंगण देत होते. उंच, खांदे वाकलेला, तिशीतला माणूस. भिंगरीला पाहून त्याने हात पुसले. तिने ओळख सांगितली.

"कबूल केलं त्या बाईने?"

"नाही. तिच्याकडे कबूल करण्यासारखं काही नाहीच." भिंगरी यंत्राभोवती चालू लागली. "मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तर सांगा. फाइलला तिघांचे हात लागले. डॉक्टरीणबाईंनी पान काढलं असतं तर कारकुनाने आकडे घालताना पाचच पानं असती, आणि आकडे एक ते पाच पडले असते. पण पाचावर पाच आहे, सहावर सहा. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी फाइल परत दिली तेव्हा चौथं पान जागेवर होतं. नव्या परिचारिकेने ते काल संध्याकाळी काढलं असतं, तर तुम्ही दुपारी नेलेल्या नकलेत ते असतं. तुमच्या तक्रारीला जोडलेली नक्कल मी पाहिली, तिच्यातही ते नाही."

 खाली कुठेतरी लिफ्ट सुरू झाली आणि चाक गरगरू लागलं.

"उरलं कोण? पण मला वाटलं, बापाने का काढावं? तक्रार तर त्याच्याच घरची. मग पिन दिसली. गळपट्टी मोडली की नवजात बाळाला प्लास्टर घालत नाहीत. बाही छातीवर घेऊन पिन लावतात, म्हणजे हात हलत नाही. दुखरा हात बाहीत आधी घालतात, बाहेर शेवटी काढतात. हे मला शिकायला नर्सिंगची शाळा लागली. तुम्हाला चौथ्या दिवशी कुणी शिकवलं?"

चाक थांबलं. तो खाली पत्र्याच्या खोक्यावर बसला.

"डॉक्टरीणबाईंनी," तो म्हणाला. "व्हरांड्यात. आत हिला रक्त चढवत होते. त्या म्हणाल्या, हाड जुळेल, त्याची काळजी नको. शिरा ताणल्यात, बहुतेक मुलांत सुधारतात, पण वेळ लागेल. दहा दिवस हात शांत ठेवा, मग हलके व्यायाम. सातव्या दिवशी दाखवायला आणा. मी सही केली. म्हणाल्या, बायकोला मी सांगू का तुम्ही सांगाल? मी म्हणालो, मी सांगतो."

"आणि?"

"ती शुद्धीवर आली तेव्हा पहिलं विचारलं, बाळ नीट आहे ना? मी हो म्हणालो. बस. तिथेच अडकलो. उद्या सांगू म्हटलं. मग वाटलं, आठ दिवसांत हात हलायला लागला तर सांगायलाच नको. सातव्या दिवशी एकटाच विचारायला गेलो तर डॉक्टरीणबाई गेलेल्या. रोज सकाळी पिन काढून बघायचो. हलत नव्हता. जेवढे दिवस जात होते तेवढं सांगणं जड होत होतं."

"आणि काल त्या बाईवर आळ आला."

"मी घरी पोचलो तेव्हा आई तिच्या अंगावर धावून गेली होती. मी तोंड उघडलं असतं तर..." त्याने तोंडावर हात ठेवला. "आईने तक्रार लिहिली. मला नकला आणायला पाठवलं. चौथं पान उघडलं तर खाली माझी सही. 'समजावून सांगितले, समजले' असं लिहून. कारकून वर गेला होता."

"कुठे आहे पान?"

त्याने हत्यारांच्या पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेला कागद होता.

"जाळायचं होतं. पण व्यायामाची चित्रं त्याच्यावरच आहेत. दुसरीकडे कुठेच नाहीत."

भिंगरीने कागद उघडला. दाट, घाईचं अक्षर, आणि समासात एका लहानग्या हाताची चार चित्रं: खांदा बाहेर, कोपर सरळ, कोपर वाकवून, तळवा वर.

तिला त्याच्यावर संतापायचं होतं. इस्पितळाच्या बाकावर बसलेली बाई आठवून ती संतापलीही. पण आवाज चढला नाही.

"आज तेरावा दिवस. व्यायाम सुरू करायची वेळ आत्ताच झालीय, उशीर व्हायच्या आत आलेय मी. पण दोन बायकांचं काय करताय? एक बाकावर बसलीय, आणि दुसरी घरात."

"घरात? तिला काय झालं?"

"ते तिलाच विचारा. माझ्यासमोर. चला."

७

चार वाजता ते त्या दोन खोल्यांत पोचले. वाटेत भिंगरीने मदतनीस बाईंनाही बरोबर घेतलं होतं. बाई दारातच उभ्या राहिल्या, चप्पल न काढता.

तो बायकोसमोर खाली बसला आणि चौथं पान तिच्यापुढे ठेवलं. सांगताना दोनदा अडखळला, पण काही गाळलं नाही. आजी मध्येच "अरे पण" म्हणाल्या; भिंगरीने नुसता हात वर केला.

आईने सगळं ऐकलं. कागद वाचला, खालची सही वाचली. आणि मग ती जे म्हणाली त्याने भिंगरीसुद्धा जागच्या जागी खिळली.

"मी झोपले होते पोरीच्या हातावर."

"काय?"

"दहाव्या दिवशी. पाजता पाजता डोळा लागला. जाग आली तेव्हा तिचा उजवा हात माझ्या अंगाखाली होता. काल तो लोंबताना बघितला आणि मला कळलं, मीच मोडला. त्या बाई नव्हेत, मी. आणि मी गप्प बसले. त्यांच्यावर आळ येत होता आणि मी गप्प बसले." तिने नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. "रात्रभर मी विचार करतेय की मी आई व्हायच्या लायकीची नाही. आणि तुला सगळं माहीत होतं. तू शेजारी झोपला होतास."

"तुला त्रास नको म्हणून..."

"मला त्रासात एकटीला टाकलंस तू."

त्याने मान खाली घातली. 

मग ती उठली. टाके ओढत असावेत, भिंतीला धरून उठली. दारापाशी जाऊन मदतनीस बाईंसमोर उभी राहिली. "बाई, मला माफ करा, असं कसं म्हणू? पण माझ्यामुळेही झालं."

"तुमचं काय चुकलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही ओल्या बाळंतीण. मला समजतं." मग त्यांनी आजींकडे पाहिलं. "पण तुम्ही लिहून दिलंत ना, आता तसंच लिहून द्या. तोंडी नको."

 आजींनी चष्मा लावला, कागद घेतला आणि पहिल्यासारख्याच स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. त्याखाली त्यांच्या मुलानेही लिहिलं, काय लपवलं आणि कधी लपवलं ते. सही करताना त्याने स्वतःच्या आईकडे पाहिलं नाही.

"उद्यापासून याल ना?" आजींनी हळूच विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "या घरी नाही येणार. दुसरं घर देतील मला." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

सहाला समितीपुढे भिंगरीने चौथं पान आणि घरच्यांनी लिहून दिलेला कागद ठेवला. बाईंचं ओळखपत्र त्यांच्या गळ्यात परत आलं. नव्या परिचारिकेला समितीने काही विचारायच्या आत भिंगरीने तिचं काम सगळ्यांसमोर सांगितलं. अधीक्षकांनी नवा नियम लावला: बाळाला काही इजा झाली तर आईबापांना एकत्र बसवून सांगायचं, एकट्याला व्हरांड्यात नाही. शेवटी त्यांनी स्वतःलाही बोल लावला, की परत आल्या आल्या ते बाळ बोलावून त्यांनी पाहायला हवं होतं.

पुढे काय झालं ते सांगायला तिसरा महिना उजाडावा लागला. टेंगूळ जिरलं होतं, गळपट्टीवर बोट फिरवलं तर फक्त बारीकशी गाठ लागत होती. व्यायामतज्ज्ञांच्या खोलीत भिंगरी सहज डोकावली, तेव्हा ते दोघं तिथे होते. मध्ये बाळ उताणं झोपलेलं, डावीकडे आई, उजवीकडे बाप. दोघं अजून एकमेकांशी मोजकंच बोलत होते, हे तिच्या लक्षात आलं.

"व्यायाम कोण करून घेतं?" तज्ज्ञांनी विचारलं.

"दुपारी मी," आई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ हे. आणि काय दिसलं ते रोज रात्री मला सांगतात. चांगलं असो, वाईट असो."

"कोपर वाकतंय का?"

कुणी उत्तर दिलं नाही, कारण बाळाने स्वतःच मनावर घेतलं होतं. उजव्या हाताची मूठ अंथरुणावरून उचलली गेली, डगमगली, पोटावर टेकली, पुन्हा उठली. छातीवरून गळ्याशी आली. जीभ बाहेर काढून बाळ तिची वाट पाहत होतं. मूठ हनुवटीला लागली आणि तिथेच थांबली, थरथरत.

बाप वाकला. मदत करायला त्याचा हात पुढे झाला, आणि आईने तो मनगटाशी धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तोंडापर्यंत दोनच बोटांचं अंतर राहिलंय. तिचं तिला करू दे."

तिने त्याचा हात सोडला नाही.